मनमाडच्या रंगमंचावरचा नारद

नांदेडहून मुंबईला निघालेली गाडी मनमाडला थांबते. याच मनमाडला एकदा 'सौभद्र'चा प्रयोग लागला होता आणि नारदाचे काम करणारा नट ऐनवेळी उभा राहू शकला नाही. अर्जुन होते मास्टर दीनानाथ मंगेशकर. नारद म्हणून उभी राहिली त्यांची लहानगी लेक, लता. तिच्या पदाला वन्समोअर मिळाला.

ऑपेरा आणि संगीत नाटक

'सौभद्र' हे संगीत नाटक; पाश्चात्त्यांकडे त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे ऑपेरा. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या फ्लॉरेन्सला जन्मला. त्यात बहुतेक सगळे गाऊनच सांगतात. आपल्या संगीत नाटकात संवाद बोलले जातात आणि मोक्याच्या जागी पद येते. गाणारी घराणी मात्र दोन्हीकडे आहेत. १८४३ साली जन्मलेल्या ऑपेरा-गायिका ॲडेलिना पॅट्टीचे इटालियन आईवडील ऑपेरात गात. बहीण कार्लोटाही गायिकाच. आपल्याकडे तसे घराणे मंगेशकरांचे.

मंगेशीचा मुलगा

दीनानाथ २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात मंगेशीला जन्मले. आई येसूबाई देवळात गात. मंगेशकरांच्या गाण्याचा उगम सांगताना लताच्या या आजीचे नाव आधी घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

किर्लोस्कर नाटक मंडळीत नाव कमावून दीनानाथांनी १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बलवंत संगीत मंडळी काढली. 'भावबंधन'मधली लतिका, 'रणदुंदुभि'तली तेजस्विनी, सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'मधली सुलोचना या त्यांच्या गाजलेल्या स्त्रीभूमिका. पुढे मंडळी सिनेमाकडे वळली आणि कर्जात बुडाली.

घरातली तालीम

एकदा दीनानाथांचा एक शिष्य पुरिया धनाश्री राग घोटत होता. दीनानाथ बाहेर गेले होते. खेळता खेळता लताने त्याची चूक ऐकली आणि बरोबर कसे ते गाऊन दाखवले. परतलेल्या वडिलांनी ते दारातूनच ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उठवून त्यांनी तंबोरा हाती दिला. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात गाणे असे दिवसभर कानावर पडे; ते शिकवायला वेगळी शाळा लागली नाही. सोलापुरात १९३८ साली लता वडिलांच्या मैफलीत गायली, आणि नंतर तिथेच त्यांच्या मांडीवर झोपून गेली.

१९४२ नंतर

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. वय अवघे ४१. लता बारा वर्षांची. मीना, आशा, उषा तिच्या पाठच्या. संसारासाठी लता सिनेमात गेली, १९४३ मध्ये 'माझं बाळ'साठी आशा गायली. साडेचार वर्षांच्या धाकट्या भावाला, हृदयनाथला, वडिलांची तालीम मिळालीच नाही. तो पुढे उस्ताद अमीर खाँ यांच्याकडे शिकला, आणि त्याने बांधलेल्या चाली थोरल्या बहिणी गायल्या.