दगडाला फिल्म, चिखलाला कोटिंग

धाकट्या भावाने पिकअप घेतली तेव्हा घरात वाद झाला तो तिच्या हप्त्यांवरून नव्हे, तिचा रंग राखायचा कसा यावरून. कोकणातल्या पावस गावात आंब्याच्या पेट्या भरायच्या आणि रात्रीत वाशीचं मार्केट गाठायचं, हा तिचा मोसमातला नेम. आई म्हणाली, "कामाची गाडी ती, तिला कसला थाट?" भावाने तरी हौसेने सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. करणाऱ्याने सांगितलं होतं, नाइन एच आहे, दगड लागला तरी काही होणार नाही. तिसऱ्याच फेरीला कशेडी घाटाच्या अलीकडे पुढच्या डंपरमधून उडालेली खडी बॉनेटच्या कडेवर बसली. मुगाएवढा टवका उडाला. पावसाळा सरेपर्यंत त्याच्याभोवती गंजाची तांबडी कड आली, आणि बोट फिरवलं की रंगाखाली फुगवटा लागू लागला. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

गाडीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्याला लागून विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग दिसणारा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे पत्रा आणि कोकणची खारी हवा यांच्यामध्ये जेमतेम एक-दीड कागद. साध्या पांढऱ्या मालवाहू गाड्यांवर तर पुष्कळदा क्लिअर कोट वेगळा नसतोच. पॉलिश करताना फडकं पांढरं व्हायला लागलं की ओळखावं, आपण थेट रंगच घासतो आहोत.

आता ते 'नाइन एच'. हा आकडा पेन्सिलींच्या मापावरचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहतात. नाइन एच ही त्या मापातली सर्वांत कडक पेन्सिल. पण रस्त्यावरच्या धुळीत आणि वाळूत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कडक असतात. शिवाय सिलिकाच्या संयुगांचा हा थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा, म्हणजे रंगाच्या शंभराव्या हिश्शाएवढा. तो खडीचा मार अडवील अशी अपेक्षा करणं हा त्या थरावरही अन्याय आहे. त्याचं काम वेगळं, आणि ते तो चोख करतो. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. लाल चिखल, कैऱ्यांचा चीक, पक्ष्यांची विष्ठा यांची पकड सुटते, आणि जी गाडी धुवायला तास लागायचा ती वीस मिनिटांत होते. कामाच्या गाडीला हे सुख थोडं नाही. फक्त बोअरचं जड पाणी उन्हात अंगावर सुकू दिलं, तर क्षारांचे डाग कोटिंगवरही बसतात.

मार झेलायचा असेल तर रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्मच लागते. तिचं मूळ व्हिएतनाम युद्धात आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने आणि कचऱ्याने झिजत, म्हणून अमेरिकेत थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिवट पट्टी तयार केली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग रस्त्यावरच्या गाड्यांवर. आजची चांगली फिल्म टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची), १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. ती रबरासारखी दबते आणि दगडाचा जोर स्वतःत जिरवते. वरचे बारीक ओरखडे ऊन किंवा गरम पाणी लागलं की मिटतात. फाटलेली फिल्म मात्र जुळत नाही. बाजारात अशीच फिल्म म्हणून पीव्हीसीचा मालही विकला जातो आणि तो पुढे पिवळा पडतो. तुकडा हातात घेऊन ताणून पाहा. टीपीयू सोडल्यावर जवळजवळ मूळ मापावर येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते.

आम्ही गंजलेलं बॉनेट खरवडून पुन्हा रंगवलं. ताज्या रंगातलं थिनर पुरतं उडून जावं म्हणून काही आठवडे थांबलो. बंपर आणि आरशांवरचं कोटिंग पॉलिशने उतरवावं लागलं, कारण जिथे पाणी टिकत नाही तिथे फिल्मचा गोंद तरी कसा धरणार? आधी फिल्म, मग तिच्यावर कोटिंग, हाच क्रम. हे आधी कळतं तर एक खर्च वाचला असता.

फिल्म लावताना मी तिथेच उभा होतो. कारागिराने पत्र्यावर शाम्पूचं पाणी फवारलं, बोटांनाही तेच पाणी लावलं आणि पाठचा कागद सोडवून फिल्म अलगद ओली ओलीच बॉनेटवर टाकली. ती माशासारखी सरकत होती. मधोमध रबरी पट्टीचा पहिला हात मारला, तेवढी जागा धरली, आणि तिथून बाहेरच्या बाजूला पाणी ढकलत तो कडेपर्यंत आला. वळणावर हीट गनची ऊब दिली आणि कड आत दुमडली. त्याच्याकडे मापाने कापून आलेला तुकडा होता. काही जण गाडीवरच ब्लेड चालवतात. ब्लेड जरा खोल गेलं, तर ज्या रंगासाठी एवढा आटापिटा त्यालाच चीर पडते. फिल्म कुठे कापणार, हे मात्र आधी विचारून घ्यावं.

पूर्ण गाडी फिल्मने मढवायची म्हटली तर खर्च लाखाच्या घरात जातो आणि कामाच्या गाडीला तो परवडत नाही. तशी गरजही नाही. दगड समोरून येतो. बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांच्या पाठी, चाकामागचा पत्रा, दाराच्या मुठीखालची खोबण, एवढं झाकलं की पुरे. बाकी अंगाला कोटिंग. हौद्याला दोन्ही नकोत, तिथे पेट्या घासतात, जाड रबराची मॅट टाकावी. पारदर्शक फिल्मने रंग बदलत नाही. रंगीत रॅप लावून रंगच बदलायचा असेल, तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते.

सणाच्या दिवसांतलं एक सांगायलाच हवं. दसऱ्याला गाडीच्या पूजेत हळद-कुंकवाची बोटं ओढतो, ती फिल्मवर रात्रभर राहू देऊ नयेत. झेंडूचा हार सुतळीत ओवलेला घ्यावा, तारेची टोकं वाऱ्याने पत्र्यावर घासत राहतात. फटाक्याची ठिणगी फिल्मवर बारीक खड्डा करते. आणि एरवीही धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर ओढू नका, आधी पाणी मारा. चकाकीसाठी डिझेलचा फडका फिरवायची ड्रायव्हर मंडळींची सवयही सोडावी, डिझेलवर धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच घासली जाते.

यंदा मेमध्ये भाऊ वाशीहून पहाटे परतला. बॉनेटवर तीन खुणा होत्या. आईने चहाच्या पातेल्यातलं गरम पाणी आणून ओतलं, दोन ओरखडे तिच्या डोळ्यांदेखत मिटले. तिसऱ्या जागी फिल्म कापली गेली होती. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला, वाकून नखाने चाचपलं आणि म्हणाली, "खाली रंग आहे रे तसाच."