पुण्याच्या हवेतला नत्र

पुण्याच्या कोरड्या हवेत शंभर भागांपैकी ७८ भाग नत्रवायू, जवळपास २१ भाग प्राणवायू आणि एका भागाहून किंचित कमी आरगॉन असतो. कार्बन डायऑक्साइड आणि बाकीचे सगळे वायू उरलेल्या चिमूटभर जागेत मावतात. हे प्रमाण मुंबईत आणि महाबळेश्वरातही हेच असते. उंचीप्रमाणे बदलतो तो हवेचा दाब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथला दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास राहतो. म्हणजे शहरातल्या प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर साधारण ९,७०० किलो हवा उभी आहे आणि त्यात नत्र आहे सुमारे ७,३०० किलो. एका हेक्टरावर हा साठा ७३ हजार टनांचा होतो. हडपसर ओलांडून मांजरीकडे गेले की उसाचे मळे लागतात. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र द्यावे, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. तो सगळा युरियातून द्यायचा तर ४५ किलोच्या एकोणीस-वीस गोण्या लागतात. डोक्यावर ७३ हजार टन नत्र असलेल्या शेतात ४०० किलो नत्र विकत आणून टाकावा लागतो.

याचे कारण नत्राच्या रेणूत आहे. नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात आणि निसर्गातल्या सर्वात बळकट बंधांपैकी हा एक आहे. माणूस दिवसभर नत्र आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. वनस्पतींच्या पानांनाही तो उचलता येत नाही. प्रथिने, हरितद्रव्य आणि जनुके यांच्या घडणीत मात्र नत्र लागतोच. तो जिवांच्या कामी यायचा तर आधी कोणीतरी हा बंध तोडून अमोनिया किंवा नायट्रेट अशा रूपात आणावा लागतो. या कामाला नत्राचे स्थिरीकरण म्हणतात.

वीज हे काम क्षणात करते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ढग दाटून वळीव येतो, तेव्हा विजेच्या वाटेतली हवा ३० हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते. त्या उष्णतेत नत्र आणि प्राणवायू एकत्र येतात, नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि पुढे तो पावसाबरोबर नायट्रेट होऊन जमिनीत उतरतो. विजांचा माग ठेवणारे संवेदकांचे जाळे पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे ‘आयआयटीएम’ने उभारले आहे. शेतकऱ्यांना विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप याच जाळ्यावर चालते. विजेने मिळणारा नत्र एकूण हिशेबात मात्र थोडा.

निसर्गातला खरा कारखाना जमिनीखाली आहे. हरभऱ्याचे रोप अलगद उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत असे समजावे. हा रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा असतो. जिवाणूंचे नत्र फोडणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून हे द्रव्य प्राणवायूला मोजून-मापून आत सोडते. झाड जिवाणूंना साखर पुरवते, जिवाणू झाडाला अमोनिया देतात. तूर, भुईमूग, मटकी, ताग या सगळ्यांच्या मुळांशी हाच व्यवहार चालतो. बाजरीनंतर हरभरा घेण्याची किंवा उसाआधी ताग गाडण्याची रीत रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीची आहे आणि ती पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. उसाला अशा गाठी येत नाहीत, पण त्याच्या पेशींच्या मधल्या जागेत राहून नत्र पकडणारे ॲसिटोबॅक्टर जिवाणू असतात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट त्यांच्या वापराचा पुरस्कार करत आली आहे.

तिसरा मार्ग माणसाने काढला. फ्रिट्झ हाबरने १९०९मध्ये नत्र आणि हायड्रोजन यांपासून प्रयोगशाळेत अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉशच्या प्रयत्नांनी १९१३मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. दोनशेच्या आसपास वातावरणांचा दाब, चारशे ते पाचशे अंश उष्णता आणि लोहाचा उत्प्रेरक, एवढा खटाटोप करून जे साधते ते हरभऱ्याची गाठ मातीच्या तापमानाला करते. तरीही आज जगात या पद्धतीने वर्षाला दहा कोटी टनांहून अधिक नत्र बांधला जातो आणि जवळजवळ निम्मी मानवजात त्यावर पिकलेले अन्न खाते. अलिबागजवळच्या थळ येथील खतकारखान्यातही अमोनिया आणि युरिया याच तत्त्वावर तयार होतात.

शेतात पडलेल्या युरियाचा प्रवास पिकापाशी थांबत नाही. मातीतले विकर त्याचा अमोनिया करते. खत मातीआड न करता वरच फेकले आणि ऊन लागले, तर त्यातला बराच भाग हवेत उडून जातो. जमिनीत राहिलेल्या अमोनियाचे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे त्याचे नायट्रेट करतात. पिके मुख्यतः हे नायट्रेट शोषतात. जे उरते ते पाण्याबरोबर विहिरीत आणि ओढ्यात उतरते. पाणी साचून माती गुदमरली की जिवाणूंचा आणखी एक गट पुढे येतो. प्राणवायूअभावी तो नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतो आणि नत्र पुन्हा वायुरूपात हवेत सोडतो. नत्राचे चक्र इथे पूर्ण होते.

दिवाळीचा या चक्राशी जुना संबंध आहे. फटाक्याच्या पारंपरिक काळ्या दारूत शंभरातले ७५ भाग सोरा असतो, उरलेला कोळसा आणि गंधक. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. गोठ्याच्या जुन्या, मूत्र मुरलेल्या मातीत जिवाणू जे नायट्रेट तयार करत, ते धुऊन आणि आटवून तो काढला जाई. बिहारचा सोरा तर जहाजे भरून युरोपात जात असे. १७९० साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल याने या वायूला ‘नायट्रोजन’ नाव दिले, त्याचाही अर्थ ‘सोरा निर्माण करणारा’. भुईनळा पेटतो तेव्हा सोऱ्यातला बहुतेक नत्र पुन्हा साधा नत्रवायू होऊन निघून जातो आणि तो निरुपद्रवीच असतो. त्रास होतो तो मागे उरणाऱ्या धुराचा: पोटॅशियमचे क्षार, गंधकाची संयुगे, रंगांसाठी घातलेल्या धातूंचे कण. हिरव्या रंगासाठी बेरियम नायट्रेट वापरले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये फटाक्यांतल्या बेरियमवर बंदी घातली, आणि त्यानंतर नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या पुढाकाराने कमी धुराचे हरित फटाके आले.

हा धूर पुण्यात का रेंगाळतो, हे समजायला शहराची ठेवण पाहावी लागते. मुळा-मुठेच्या खोऱ्यात वसलेल्या पुण्याला पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून डोंगरांचा वेढा आहे. नैर्ऋत्येला सिंहगड, दक्षिणेला कात्रजचा घाट आणि खुद्द शहरात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती. एरवी हवा उंचीबरोबर दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. खालची उबदार हवा हलकी म्हणून वर चढते आणि धूर घेऊन जाते. पाऊस परतला, आकाश निवळले आणि हवा कोरडी झाली की रात्रीचा क्रम उलटतो. जमीन उष्णता भराभर आकाशात टाकते, तिला टेकलेली हवा गार होते आणि टेकड्यांच्या उतारांवरची जड, थंड हवा ओघळून सखल भागात येऊन बसते. वरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. या उलट्या थराला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. भांड्यावर झाकण ठेवावे तसे ते शहरावर बसते. दुपारी जी हवा दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, तिला पहाटे शंभर-दोनशे मीटरच मोकळे मिळतात. तेवढाच धूर मग कितीतरी पट दाट होतो. हिवाळ्यातल्या सकाळी पर्वतीवरून दिसणारा करडा पट्टा हा त्याचाच.

महाराष्ट्रातल्या दिवाळीची वेळ या दृष्टीने फार अवघड आहे. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून फटाके उडतात ते पहाटे, झाकण सर्वात खाली असताना. लक्ष्मीपूजनाची आतषबाजी होते ती सूर्यास्तानंतर, झाकण बसू लागते तेव्हा.

फटाके मात्र चार दिवसांचे, वाहने वर्षभराची. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेलेले पुणे आता दुचाकींचे शहर आहे. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळताना दोन हजार अंशांच्या आसपास उष्णता निर्माण होते आणि विजेच्या वाटेत घडते तेच इथे घडते: हवेतला नत्र आणि प्राणवायू जुळतात. हा नत्र इंधनातून आलेला नसतो, हवेतलाच असतो. म्हणून कितीही स्वच्छ इंधन जाळले तरी नत्राची ऑक्साइडे तयार होतातच. नायट्रिक ऑक्साइडचे पुढे तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होते, आणि ते श्वासनलिकांना सूज आणते. दम्याच्या रुग्णाला ते लवकर जाणवते. पेठांतल्या अरुंद, दुतर्फा उंच इमारतींच्या रस्त्यांवर आणि स्वारगेटसारख्या वर्दळीच्या चौकांत ते साचते.

नत्राची ही ऑक्साइडे आणखी दोन गोष्टी करतात. उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटते आणि त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू ओझोन घडवतो. पेट्रोलची वाफ आणि रंगांतली द्रावके यांसारखी सेंद्रिय द्रव्ये त्याला हातभार लावतात. उंच वातावरणात रक्षण करणारा ओझोन जमिनीलगत फुप्फुसांना आणि पिकांना जाळतो. वाहनांचा ताजा धूर ओझोनला खातो, त्यामुळे गर्दीच्या चौकापेक्षा शहराच्या कडेला, वाऱ्याच्या दिशेने, दुपारी तो अधिक सापडू शकतो. दुसरी गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. या ऑक्साइडांपासून बनलेले नायट्रिक आम्ल शेतातून, गोठ्यांतून आणि सांडपाण्यातून उठलेल्या अमोनियाशी मिळते व अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. थंडीत ते टिकतात, उन्हात विरतात. मळ्यातला युरिया आणि रस्त्यावरची मोटार यांची अशी हवेतच गाठ पडते. अडीच मायक्रॉनहून लहान असे हे कण, ‘पीएम २.५’, नाकाच्या केसांत अडकत नाहीत. थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात. भारताच्या २००९च्या मानकांनुसार त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती ५वर आणली. हे अंतर फार मोठे आहे.

१ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनी डिझेल मोटारींच्या नत्र ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८०वर आणली. नव्या ट्रक-बसमध्ये डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात शुद्ध पाण्यात विरघळवलेला ३२.५ टक्के युरिया असतो. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर नत्राच्या ऑक्साइडांशी जुळून नत्रवायू आणि पाणी बनते. उसाला पोसणारे तेच द्रव्य इथे धूर स्वच्छ करते.

या सगळ्याचे मोजमाप ठेवण्यात पुण्याचे स्थान मोठे आहे. भारतीय हवामान खात्याचे कार्यालय १९२८मध्ये सिमल्याहून शिवाजीनगरला आले. ती इमारत अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. १९६२मध्ये आयआयटीएमची स्थापना झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेली ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेच्या अंदाजाची यंत्रणा दिल्लीनंतर २०१३मध्ये पुण्यात सुरू झाली. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, कात्रज, हडपसर, भोसरी अशा ठिकाणी तिची केंद्रे उभी राहिली. रोज जाहीर होणारा हवा निर्देशांक प्रदूषकांची सरासरी सांगत नाही. त्यांपैकी जो सर्वात वाईट, त्याचा आकडा हाच दिवसाचा निर्देशांक. आयआयटीएमने पुण्याच्या पावसाचेही रसायन दीर्घकाळ तपासले. धुरातल्या आम्लांमुळे पाऊस आंबट व्हायला हवा, पण दख्खनच्या कोरड्या मातीची चुनखडीयुक्त धूळ ती आम्ले बऱ्याच अंशी मारते. श्वासाला घातक असलेली धूळ पावसाच्या बाबतीत अशी उपयोगी पडते.

पावसाने धुतलेला आणि नळातून वाहिलेला नत्र शेवटी नदीला मिळतो. माणसाने खाल्लेल्या प्रथिनांतला जवळजवळ सगळा नत्र मलमूत्रातून बाहेर पडतो. प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्याबरोबर तो मुळा-मुठेत येतो. उन्हाळ्यात नदीवर आणि पाषाण, कात्रजच्या तलावांवर पसरणारी जलपर्णी याच खुराकावर वाढते. यंत्रे लावून ती काढली जाते, पण पाण्यातला नत्र आणि स्फुरद तसाच राहिला तर पुढच्या वर्षी ती पुन्हा येते. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत थांबते. सोलापूर जिल्ह्याची तहान भागवणाऱ्या या जलाशयात शेवाळ माजते आणि पाण्याला हिरवी कळा येते.

उजनीच्या तळाच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथे नायट्रेटवर जगणारे जिवाणू नत्र मोकळा करतात आणि बुडबुड्यांतून तो हवेत परततो. शहरातल्या आधुनिक मैलाशुद्धीकरण केंद्रांत हेच जिवाणू टाकीत पाळून मुद्दाम कामाला लावतात. काम अर्धवट राहिले तर नत्रवायूऐवजी नायट्रस ऑक्साइड सुटते. उष्णता अडवण्यात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट प्रभावी आहे. शंभराहून अधिक वर्षे तो हवेत टिकतो आणि हळूहळू ओझोनच्या थरापर्यंत चढतो. तिथले अतिनील किरण त्यातला बहुतेक नत्र पुन्हा साध्या नत्रवायूत आणतात. थोडासा भाग नायट्रिक ऑक्साइड होतो आणि तो त्या थरातला ओझोन झिजवतो.