कोठेच न जाणारा जिना

आजच्या विषयाचे नाव वाचून श्रोत्यांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. जिना म्हटला की तो वरच्या मजल्यावर, निदान माळ्यावर तरी गेलाच पाहिजे. जो कोठेच जात नाही त्याला जिना का म्हणावे? आणि म्हटले तरी त्यावर व्याख्यान देण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, अशाच एका जिन्यापासून जपानमध्ये कलेविषयीचा एक निराळा विचार निघाला. त्या विचारातून एक मंडळ निघाले, एक ग्रंथ निघाला आणि पुढे जगातील कितीतरी शहरांत पोचलेला एक छंद निघाला. वरून पाहता हा सारा गमतीचा मामला आहे. पण त्याच्या पोटात, आपण ज्या शहरांत राहतो त्यांच्याविषयीचा एक गंभीर प्रश्न आहे. त्या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येऊ. आधी जिना पाहू.

१९७२ साली टोकियो शहराच्या योत्सुया भागात तीन मित्र दुपारच्या जेवणासाठी चालले होते. गेनपेई आकासेगावा हे चित्रकार, तेत्सुओ मात्सुदा हे संपादक आणि शिनबो मिनामी हे रेखाचित्रकार. वाटेत एका उतारू लोकांच्या निवासाच्या भिंतीला लागून एक छोटासा जिना होता. डाव्या बाजूने पायऱ्या चढाव्यात, मधल्या चौथऱ्यावर उभे राहावे आणि उजव्या बाजूने पायऱ्या उतरून पुन्हा रस्त्यावर यावे, अशी त्याची रचना. चौथऱ्यावर दार नाही, खिडकी नाही. समोर नुसती भिंत. म्हणजे चढावयाचे ते केवळ उतरण्यासाठी. आता, जुन्या घरात फेरफार होतात, दारे बुजवली जातात, एखादा जिना तसाच राहून जातो. यात विशेष काही नाही. विशेष पुढेच आहे. त्या जिन्याचा लाकडी कठडा एके ठिकाणी मोडला होता आणि कोणीतरी नवे लाकूड बसवून तो नीट दुरुस्त केला होता! ज्या जिन्याचा कोणाला काडीचा उपयोग नाही, त्याच्या डागडुजीसाठी कोणीतरी पदरचे पैसे घातले होते. या एका गोष्टीने आकासेगावा थबकले.

दुसरा नमुना पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, मिनामी यांना सापडला. टोकियोतील एकोदा स्थानकावरील तिकिटाची एक खिडकी बंद करून तिच्यावर फळी मारलेली होती. वर्षानुवर्षे लोकांनी पैसे सरकवले, तिकिटे उचलली, त्यामुळे खिडकीची खालची कड झिजून तिला खळगा पडला होता. साधा सुतार असता तर चौकोनी फळी ठोकून मोकळा झाला असता. येथे मात्र फळीची खालची कड त्या खळग्याच्या वळणाबरहुकूम कापून बसवलेली होती. हजारो हातांनी न कळत जो आकार घडवला, त्याला एका अज्ञात कारागिराने जणू मान दिला. तिसरा नमुना ओचानोमिझु भागातील एका रुग्णालयाच्या फाटकाचा. फाटक काँक्रीटने साफ बुजवलेले. पण त्यावरचे छज्जे, बाजूचे खांब, सगळे जिथल्या तिथे. आत जाता येत नाही असे ते प्रवेशद्वार.

तीन नमुने जमले तेव्हा आकासेगावांनी व्याख्या केली. जी वस्तू इमारतीला किंवा जमिनीला पक्की जोडलेली आहे, जिचा काही उपयोग उरलेला नाही, आणि तरीही जी नीटनेटकी सांभाळलेली आहे, ती या वर्गातली. या तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. आपल्या मराठीत 'अडगळ' असा एक फार बोलका शब्द आहे. पण अडगळ ही माळ्यावर किंवा जिन्याखालच्या अंधारात ढकललेली असते. तिच्यावर धूळ असते आणि आला-गेला पाहील याची आपल्याला थोडी लाजही असते. योत्सुयाचा जिना अडगळ नव्हे. तो भर रस्त्यावर उभा आहे आणि त्याची देखभाल होत आहे. तो भग्नावशेषही नव्हे, कारण तो पडलेला नाही. आणि तो स्मारकही नव्हे, कारण कोणी त्याला हार घालत नाही. आपल्याकडे 'कामापुरता मामा' अशी म्हण आहे. येथे काम केव्हाच संपले आहे, पण मामाचे पान अजून वाढले जात आहे!

असली गोष्ट ज्याच्या नजरेत भरली तो माणूस कोण होता, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार उलगडणार नाही. आकासेगावांचा जन्म १९३७ चा. १९६३ साली त्यांनी आपल्या प्रदर्शनाची निमंत्रणे हजार येनच्या नोटेच्या रूपात छापली. एकाच बाजूला छापलेली, एकरंगी. बाजारात चालवण्याच्या कामाची नव्हेतच. तरीही प्रकरण पोलिसांपर्यंत गेले आणि १९६५ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला. चलनाची नक्कल करण्यास मनाई करणारा १८९५ चा कायदा त्यांना लावण्यात आला. ही कला आहे असे बचाव पक्षाचे म्हणणे. तेव्हा कला म्हणजे काय, हे न्यायासनापुढे समजावून सांगण्याची पाळी आली. पुरावा म्हणून कलाकृती न्यायालयात मांडल्या गेल्या आणि काही काळ न्यायालयाचेच प्रदर्शन झाले. १९६७ मध्ये आकासेगावांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती प्रत्यक्षात भोगावी लागू नये म्हणून तहकूब ठेवण्यात आली. पण दोष कायम राहिला आणि १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

याच काळातील त्यांची आणखी एक कृती सांगण्यासारखी आहे. १९६४ साली त्यांनी खेकड्याच्या मांसाचा एक डबा रिकामा केला, बाहेरचे लेबल काढून ते आतल्या बाजूस चिकटवले आणि डबा पुन्हा बंद केला. लेबल ज्या बाजूला, ती बाहेरची बाजू. तेव्हा आता डब्याचा 'आत' म्हणजे कोणता भाग? आपण, हे सभागृह, सूर्य, चंद्र, तारे, सगळेच त्या डब्यात भरले गेले! हसू येते खरे. पण एका लेबलाची जागा बदलल्याने आत आणि बाहेर यांची उलटापालट कशी होते, हे याहून कमी साधनांत कोण दाखवील?

अशा माणसाला त्या जिन्यात काय दिसले, ते आता सांगतो. १९१७ साली मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने बाजारातून विकत घेतलेले मुतारीचे भांडे सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे पाठवले होते. कलावंताने निवडली म्हणून वस्तू कला ठरते, असा त्याचा रोख. पण तेथेही कलावंत होता, त्याची सही होती आणि प्रदर्शनाचे दालन होते. आकासेगावा याच्याही पुढे गेले. ते म्हणू लागले की, या जिन्याला कलावंतच नाही. ज्याने दार बुजवले त्याने कलेचा विचार केला नव्हता. ज्याने कठडा दुरुस्त केला त्यानेही नाही. वस्तू कोणाच्याही हेतूशिवाय घडली आणि केवळ पाहणाऱ्याच्या ध्यानी आली. येथे रचणारा नाही, फक्त शोधणारा आहे. म्हणून त्यांनी तिला कलेच्या पलीकडची या अर्थी 'अतिकला' म्हणता येईल असे नाव दिले. ती उचलून दालनात नेता येत नाही, विकता येत नाही, तिच्यावर सही करता येत नाही. पाहावयाची तर पायी चालत जाऊनच पाहिली पाहिजे. कलेच्या व्याख्येवरून ज्याला न्यायालयात उभे राहावे लागले, त्याने अखेर कलावंतालाच वगळून टाकावे, यात एक प्रकारचे उत्तर आहे असे आम्हाला वाटते.

या वस्तूंना पुढे 'टॉमासन' हे नाव पडले, त्याचीही एक कथा आहे. गॅरी टॉमासन हा अमेरिकेचा बेसबॉलपटू. १९८१ च्या हंगामासाठी टोकियोच्या योमिउरी जायंट्स संघाने त्याला मोठ्या रकमेवर आणले. बेसबॉलमध्ये फलंदाज तीन वेळा हुकला की बाद होतो. त्या हंगामात हा गृहस्थ असा १३२ वेळा बाद झाला. दुसऱ्या वर्षी तो दुखापतीने जायबंदी झाला आणि बहुतेक काळ बाकावर बसून राहिला. पगार चालू, मान चालू, उपयोग नाही! आकासेगावा आणि त्यांचे विद्यार्थी यांना वाटले की, हा तर आपला चालताबोलता जिना. नाव चिकटले ते कायमचे.

नाव चपखल आहे यात शंका नाही. पण ते न्याय्य आहे काय? टॉमासनने अमेरिकेतील वरिष्ठ संघांतून नऊ हंगाम खेळ केला होता, आणि ज्या वर्षावरून त्याची थट्टा झाली त्याच वर्षी त्याने सीमेपार असे २० फटकेही मारले होते. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवण्याची जी सवय, तिलाच हा जिना प्रश्न विचारीत होता. आणि त्याचे बारसे करताना नेमकी तीच सवय कामी आली. आकासेगावांच्या लेखणीत टॉमासनविषयी तुच्छता नव्हती, उलट एक प्रकारचे कौतुकच होते, हे मान्य केले तरी हा विरोधाभास उरतोच.

असो. १९८० नंतरच्या त्या वर्षांत आकासेगावांनी छायाचित्रांच्या एका मासिकात या विषयावर सदर चालवले आणि वाचकांना आवाहन केले की, तुम्हीही शोधा. वाचकांनी छायाचित्रे पाठवली, जागा कोठे, केव्हा दिसली, याची टिपणे पाठवली. एक निरीक्षण-केंद्रच उभे राहिले. नमुने वाढले तसे वर्गीकरण आले. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर भिंतीत उघडणारे, पण बाहेर सज्जा किंवा जिना नसलेले दार, हा एक वर्ग. खिडकी बुजली, पण तिच्यावरची पाऊस अडवणारी छपरी राहिली, हा दुसरा. कुंपणाच्या सळया हळूहळू आपल्या खोडात गिळून टाकणारे झाड, हा तिसरा. शेजारचे घर पाडल्यावर उरलेल्या भिंतीवर त्या घराच्या छपराची आणि जिन्याची छाया उमटलेली राहते, तो चौथा. १९८५ मध्ये हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

ही दृष्टी अगदीच निराधार उगवलेली नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो बेचिराख झाले, तेव्हा वाजिरो कोन या अभ्यासकाने उभ्या राहणाऱ्या झोपड्यांची चित्रे काढण्यास आरंभ केला. पुराणवस्तुशास्त्र जसे भूतकाळाचे, तसे आपले शास्त्र वर्तमानाचे, अशी त्याची धारणा. १९२५ साली त्याने सहकाऱ्यांसह गिंझा रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद केली. पुरुषांत पाश्चात्त्य पोशाख करणारे शेकडा ६७ भरले, स्त्रियांत शेकडा अवघी १! आधुनिकतेविषयी शंभर लेख वाचून जे कळणार नाही, ते या दोन आकड्यांनी सांगितले. आकासेगावा हे कोनच्याच वाटेने चालले होते. १९८६ मध्ये त्यांनी वास्तुइतिहासकार तेरुनोबु फुजिमोरी आणि इतर मित्रांबरोबर रस्त्यांच्या निरीक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. त्यात कोणी जुन्या इमारती पाही, कोणी गटारांवरची झाकणे पाही.

आता तो गंभीर प्रश्न. १९८३ च्या सुमारास टोकियोच्या आझाबू तानिमाची नावाच्या वस्तीत घरे भराभर पाडली जात होती. तेथील सार्वजनिक स्नानगृहही गेले. त्याचे उंच धुराडे तेवढे उभे राहिले. अकिहिको इइमुरा या तरुण छायाचित्रकाराने ते धुराडे शिडीने चढून, अगदी माथ्यावर कसल्याही आधाराशिवाय उभे राहून, काठीला बांधलेल्या कॅमेऱ्याने स्वतःचे छायाचित्र घेतले. त्या छायाचित्रात पायाखाली धुराड्याचे तोंड आणि भोवती रिकामी होत चाललेली वस्ती दिसते. पुढे धुराडेही पाडले गेले आणि १९८६ मध्ये त्या जागी मोठमोठ्या कचेऱ्या, हॉटेल आणि सदनिका यांचा विशाल समूह उभा राहिला. जमिनीचे भाव चढले की प्रत्येक हातभर जागेला जाब द्यावा लागतो: तुझा उपयोग काय? ज्याला उत्तर देता येत नाही ते जाते. योत्सुयाचा जिनाही आज उरलेला नाही.

येथे कोणी म्हणेल, एक धुराडे गेले, माणसांना घरे मिळाली, मग तक्रार कसली? तक्रार घरांविषयी नाही. पण शहराची स्मृती कोठे राहते, याचा विचार करा. राजवाडे आणि पुतळे यांची काळजी घेणारी खाती असतात. येथे दार होते, येथून लोक ये-जा करीत, या खिडकीच्या कडेवर हजारो हात टेकले, ही सामान्य माणसाची बखर मात्र अशा बुजलेल्या दारांवर आणि झिजलेल्या कडांवरच लिहिलेली असते. जे शहर पूर्णपणे उपयोगाचे झाले, त्यात ही बखर ठेवण्यास जागाच उरत नाही.

ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २००९ मध्ये निघाले आणि त्यानंतर इंटरनेटमुळे हा छंद देशोदेशी गेला. आता खिशातल्या फोनने जिन्याचे चित्र घ्यावे आणि क्षणात ते परक्या मुलखातील माणसास दाखवावे, इतके ते सोपे झाले आहे. सोय झाली, तसा धोकाही आला. जे जे विचित्र दिसेल ते ते टॉमासन म्हणण्याची घाई होते आणि देखभालीची अट लोक विसरतात. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या; दिल्ली दरवाजा आणि तट राहिले. मग हा दरवाजा टॉमासन होईल काय? नाही. तो ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेला आहे आणि त्यातून लोक रोज आत जातात. त्याला उपयोगही आहे आणि मानही आहे. ज्याला दोन्ही नाही आणि तरी जे सांभाळले जाते, त्याचाच हा शोध आहे.

आकासेगावा २६ ऑक्टोबर २०१४ रोजी निवर्तले; त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन चिबा येथील संग्रहालयात त्यानंतर दोनच दिवसांनी उघडले. त्यांनी मागे ठेवलेली सर्वांत मोठी वस्तू त्या दालनात मावण्यासारखी नव्हती. ती म्हणजे पाहण्याची एक रीत, आणि तिला ना तिकीट लागते ना विद्वत्ता. आपल्या पेठेतून किंवा आळीतून जाताना तीन प्रश्न मनात ठेवावेत: ही वस्तू जागेला जोडलेली आहे काय? तिचे काम संपले आहे काय? आणि तरीही कोणी तिला रंग देतो, खिळा मारतो, झाडतो काय? तिन्हींचे उत्तर 'होय' आले, तर क्षणभर थांबावे. कारण तिसऱ्या प्रश्नाचे 'होय' हे त्या वस्तूविषयी नसते. ते ती सांभाळणाऱ्या माणसाविषयी असते.