दोन जुन्या मोटारी

जुनी मोटार विकत घेणाराचें लक्ष बहुधा तिच्या रंगाकडे व किमतीकडे जातें. परंतु तिची खरी योग्यता तिच्या अंतर्रचनेवर अवलंबून असते. ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून दोन काळांतील दोन परिचित मोटारींची तुलना करूं.

पहिली पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० ह्या नमुन्यावरून ती मुंबईंत कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यांत तयार होत असे. १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. काळीपिवळी टॅक्सी म्हणून मुंबईची अनेक वर्षें सेवा करून २०२३ च्या ऑक्टोबरांत ती त्या कामांतून निवृत्त झाली. दुसरी मारुती ८००. ती १९८३ च्या डिसेंबरांत गुडगांवच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागली व २०१४ सालीं तिची निर्मिति थांबली.

पद्मिनीच्या एंजिनास सिलिंडर चार व आकारमान १०८९ घनसेंटिमीटर. मारुतीस सिलिंडर तीन व आकारमान ७९६. एंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदांच जोर लावितो. म्हणून पद्मिनीस दर अर्ध्या फेरीस जोर मिळतो, तर मारुतीस दोनतृतीयांश फेरीनें. मारुती जागच्या जागीं चालू असतां किंचित् थरथरते, तें ह्यामुळेंच. उलटपक्षीं, लहान एंजिन व हलका सांगाडा ह्यांमुळें तिला पेट्रोल कमी लागतें.

दुसरा भेद चाकांचा. पद्मिनीचें एंजिन पुढें असून शक्ति एका लांब दांड्यानें मागील चाकांस पोंचते. मारुतींत एंजिन आडवें बसवून पुढचींच चाकें फिरविलीं आहेत. तो दांडा नाहींसा झाल्यानें लहान गाडींतहि चौघांस जागा मिळाली. ओल्या रस्त्यावर एंजिनाचा भार पुढील चाकांवर असल्यानें मारुतीची पकड चांगली राहते. मात्र माणसें भरून घाट चढतांना भार मागें सरकतो. तेव्हां तो पद्मिनीच्या चाकांस उपकारक होतो व मारुतीच्या चाकांस प्रतिकूल.

मग घ्यावी कोणती? ज्याला रोजच्या कामास गाडी हवी, त्यास मारुती सोयीची. ज्याला जुन्या यंत्राची हौस व दुरुस्तीस सवड आहे, त्यास पद्मिनी. कोणतीहि घेतली तरी तळाचा पत्रा गंजला आहे काय, हें वांकून पाहावें. धूर निळसर असल्यास एंजिनांत तेल जळत आहे असें समजावें. खासगी मोटारीची पहिली नोंदणी सामान्यतः १५ वर्षें चालते. पुढें तपासणी करून ती ५ वर्षांकरितां वाढवून घ्यावी लागते. तेव्हां कागदपत्रहि नीट वाचावे.

शेवटीं एक गोष्ट पालकांनीं विसरूं नये. अपघाताच्या वेळीं फुगून माणसास सांवरणाऱ्या हवेच्या पिशव्या ह्या दोहोंतहि नाहींत. म्हणून मुलांबाळांस घेऊन लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं ब्रेक व टायर तपासावे, पट्टे बांधावे व वेग मर्यादित ठेवावा. जुन्या यंत्राकडून नव्याची अपेक्षा न करणें, हेंच त्याच्या वापरांतील खरें शहाणपण होय.