प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी शब्द समजून घ्या

शाळा सुरू झाल्या की घरोघरी वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्याची धांदल उडते. आठवी-नववीच्या मुलांच्या दप्तरात त्यासोबत विज्ञानाचे जर्नलही येते. बहुतेक पालकांचा शाळेच्या प्रयोगशाळेशी संबंध येतो तो या जर्नलपुरताच. आकृती पेन्सिलने काढली का, निष्कर्ष लिहिला का, सरांची सही झाली का, एवढे पाहिले की आपले काम संपले असे आपण समजतो. आपले मूल तिथे कोणत्या बाटलीला हात लावते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न सर्वच पालकांचा आहे. पण आपल्या सीमाभागात त्याला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीवरचे लेबल इंग्रजीत! पी.यु.सी.च्या पहिल्या वर्षाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांतून आलेली मुले एकाच टेबलाभोवती उभी राहतात. त्यांना शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. नियम सगळ्यांना पाठ असतात, पण नियमातला शब्द प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा अर्थ घेऊन बसलेला असतो.

एकच शब्द, दोन अर्थ

‘क्षार’ हा शब्द घ्या. मराठी शालेय परिभाषेत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून तयार होणारा पदार्थ. रोजचे मीठ हे त्याचे पहिले उदाहरण. कन्नडमध्ये त्याला ‘लवण’ म्हणतात, आणि ‘क्षार’ म्हणजे अल्कली, अर्थात कॉस्टिक सोड्याच्या जातीचे पदार्थ! ‘त्या बाटलीत क्षार आहे’ असे कन्नड माध्यमाच्या मित्राने सांगितले, तर मराठी माध्यमाच्या मुलाला त्यात धोक्याची सूचना ऐकूच येणार नाही.

तशीच गोष्ट तीव्रतेची. मराठीत ‘संहत’ आणि ‘विरल’. कन्नडमध्ये संहतला ‘सारीकृत’ आणि विरलला ‘साररिक्त’. घाईत ऐकले तर हे दोन शब्द किती जवळचे वाटतात पाहा! लेबलवर त्यांचेच ‘कॉन्क.’ आणि ‘डिल.’ असे तुटक इंग्रजी रूप असते. विरल आम्लाचा थेंब हातावर पडला तर लगेच धुतल्यावर सहसा निभावते. संहत सल्फ्युरिक आम्लाचा थेंब मात्र कातडी जाळतो.

आणखी एक समज आपल्याकडे घट्ट आहे, की धोका फक्त ‘ॲसिड’चा. डोळ्याच्या बाबतीत अल्कली पुष्कळदा आम्लाहून वाईट ठरते. आम्लामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने साकळतात आणि आम्ल आत जायला थोडा अडथळा होतो. अल्कली मात्र पेशी विरघळवत खोल शिरते. पानाचा चुना, म्हणजे कन्नडमधले सुण्ण, हीसुद्धा अल्कलीच आहे. आजोबांच्या चंचीतली चुन्याची डबी लहान मुलांच्या हाती का लागू द्यायची नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

आधी पाणी, मग आम्ल

संहत आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असते, पण त्यामागचे कारण विचारले की वर्ग गप्प होतो. ते कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. फोडणीच्या कडकडीत तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या 1.84 पट जड असते. त्यावर ओतलेले पाणी वरच राहते, दोन्ही एकत्र येताना प्रचंड उष्णता निर्माण होते आणि वरचे पाणी उकळून आम्लासकट तोंडावर उडते. उलट, भरपूर पाण्यात थोडे थोडे आम्ल सोडून ढवळत राहिले, की ती उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. कारण कळले की नियम विसरत नाही.

ओढणी, वेणी आणि स्पिरिटचा दिवा

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत फिकट निळी असते, उजेडात ती चटकन दिसत नाही. दिवा विझला आहे असे समजून पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतणे हे भीषण अपघातांचे कारण ठरते. दिवा फुंकर मारून विझवू नये, त्यावर टोपण ठेवावे. एका दिव्यावर दुसरा दिवा पेटवू नये. परीक्षानळी तापवताना तिचे तोंड स्वतःकडे वा शेजारच्याकडे नसावे.

मुलींनी केस घट्ट बांधावेत आणि ओढणी दोन्ही टोके खोचून घ्यावी किंवा काढून ठेवावी. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते, म्हणून अंगावर सुती ॲप्रन हवाच. याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दिसले. 29 डिसेंबर 2008 रोजी शेहरबानो सांगजी ही 23 वर्षांची संशोधन सहायक हवा लागताच पेटणारे रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला. तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, ॲप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. इतक्या नामांकित विद्यापीठात हे घडते, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

अपघात झालाच तर

अंगावर रसायन सांडले तर ते लागलेले कपडे, बांगड्या, घड्याळ तातडीने काढून ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान 20 मिनिटे धरावी. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नये. आम्लावर उतारा म्हणून सोडाही चोळू नये. डोळ्यात गेले असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ पाणी सोडावे, दूषित पाणी दुसऱ्या डोळ्यात जाऊ देऊ नये, आणि मग विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. सोबत बाटलीवरचे नाव लिहून न्यावे. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. इतरांनी जाड घोंगडे टाकून आग दाबावी. आपल्याकडचे लोकरीचे घोंगडे, कन्नडमधली कंबळी, या कामाला उत्तम, कारण लोकर सहजासहजी पेटत नाही. वाळूची बादली आणि एक घोंगडे ठेवायला कोणत्याही शाळेला फार खर्च येणार नाही.

पालकांनी काय करावे?

पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर चार प्रश्न अवश्य विचारा. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी असते का? मुलांना ॲप्रन आणि डोळ्यांना चष्मे आहेत का? शिक्षक नसताना खोलीला कुलूप असते का? तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय बंद होऊन रबरी फुगा वापरला जातो का? हे विचारणे म्हणजे शिक्षकांवर अविश्वास दाखवणे नव्हे. पालकांनी मागणी केली की व्यवस्थापनाकडे पैसे मागायला विज्ञानाच्या शिक्षकांनाही बळ येते.

आणि एक काम घरी करण्यासारखे आहे. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात लेबलवरचे इंग्रजी नाव, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कन्नड. मोरचूद म्हणजेच मैलुतुत्त, आणि ते विषारी आहे, हे शेतावर फवारणी करणारे आजोबा नातवाला सहज सांगतील. शेजारच्या कन्नड अज्जींनाही दोन शब्द विचारा. तो तक्ता मुलांच्या हातून शाळेत पोहोचवा आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला सांगा. त्याखाली ठळक अक्षरांत ‘हात लावू नका’ आणि ‘मुट्टबेडा’ हे दोन्ही इशारे लिहायला विसरू नका.