अवेळी येणारी झोप

झोपेच्या काही तक्रारींत झोप कमी नसते, उथळही नसते. ती केवळ अवेळी येते, आणि तरीही अशा व्यक्तींची गणना दवाखान्यात सरसकट निद्रानाशात आणि घरात आळशीपणात केली जाते. या गल्लतीचे मूळ, झोप म्हणजे निव्वळ थकव्याचा परिणाम, या समजुतीत आहे. थकव्याचा वाटा मोठा असतो हे खरे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढत जाते. मात्र ही ओढ कोणत्या प्रहरी सलग झोपेत उतरेल, हे ठरवणारी दुसरी यंत्रणा शरीरात असते, आणि झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोहोंची सांगड घालणारे प्रारूप मांडल्यापासून निद्राविकारांचा विचार बहुतांशी त्याच चौकटीत होत आला आहे.

ही दुसरी यंत्रणा म्हणजे जैविक घड्याळ. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका असतो. त्याला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. पेशीतील काही जनुके प्रथिने घडवतात, ती प्रथिने पुरेशी साठली की त्याच जनुकांचे काम थांबवतात, आणि ती विघटित झाली की चक्र पुन्हा सुरू होते. हे चक्र साधारण एका दिवसात पुरे होते. फळमाशीवरील अभ्यासातून ही घडण उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसातील या चक्राची सरासरी लांबी मात्र नेमकी २४ तास नसून, चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवल्याप्रमाणे, त्याहून सुमारे अकरा मिनिटे अधिक असते, आणि ही तफावत रोज भरून काढण्याचे काम मुख्यतः उजेड करतो.

हा उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टीच्या पेशींहून वेगळ्या आहेत, हा या शास्त्रातील सर्वांत विलक्षण शोध म्हणावा लागेल. दृष्टिपटलातील मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या थोड्या चेतापेशी थेट घड्याळाला प्रकाशाची वार्ता देतात. त्यामुळे काहीही न दिसणाऱ्या काही अंध व्यक्तींचे घड्याळही दिवसाशी जुळलेले राहते. ज्यांच्यापर्यंत प्रकाशाची ही वार्ताही पोहोचत नाही, अशा अनेकांचे घड्याळ मात्र सुटे चालते. ते रोज अर्धा तास मागे पडत असेल, तर झोपेची वेळ सरकत सरकत सुमारे ४८ दिवसांत पूर्ण फेरी मारते. मधले काही आठवडे रात्री डोळा लागत नाही आणि भर दुपारी जागे राहवत नाही. रात्री पिनियल ग्रंथीतून स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक ठरावीक वेळी बाहेरून दिल्यास यांपैकी अनेकांचे घड्याळ पुन्हा जुळते, हे २००० पासून सिद्ध झाले आहे.

डोळस व्यक्तींत अधिक आढळतो तो विलंबित निद्राकाल विकार, आणि तो बहुधा पौगंडावस्थेत किंवा तरुणपणी सुरू होतो. अशा व्यक्तीला पहाटे तीनच्या आधी झोप येत नाही, परंतु अकरापर्यंत झोपू दिल्यास झोप पूर्ण आणि गाढ होते. घरोघरी दिला जाणारा सल्ला, पहाटे उठून उजेडात बसण्याचा, येथे उलटा पडू शकतो. शरीराचे तापमान नेहमीच्या जागे होण्याच्या सुमारे दोन-तीन तास आधी नीचांकी असते. त्या क्षणानंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, तर त्याआधीचा ते आणखी मागे ढकलतो. अकराला जागा होणारा तरुण सहाला उन्हात बसला, तर उपायच दुखणे वाढवतो. म्हणून उजेड प्रथम त्याच्या स्वाभाविक जागृतीच्या वेळी देऊन ती वेळ टप्प्याटप्प्याने अलीकडे आणावी लागते, आणि हे काम नुसत्या झोपेच्या गोळीने होत नाही.

याच्या उलट प्रकारात संध्याकाळी साडेसातलाच झोप अनावर होते आणि पहाटे चारच्या सुमारास जाग येते. अशा एका कुटुंबात पीईआर-२ या जनुकातील बदल २००१ मध्ये सापडला. ब्राह्ममुहूर्ती उठणे सद्गुण मानणाऱ्या समाजात हा विकार फारसा दवाखान्यापर्यंत येत नाही, तर विलंबित झोपेच्या मुलाला शाळेत आणि घरी बोल ऐकावे लागतात, हा अन्याय डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

रात्रपाळीत घड्याळ निरोगी असते. बिघडलेले असते ते वेळापत्रक. कारखान्यांत, रुग्णालयांत आणि अमेरिकेच्या वेळेनुसार चालणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत काम करणारे लोक दिवसा झोपायला जातात तेव्हा शरीर जागृतीची तयारी करत असते, शिवाय घरी परततानाचा सकाळचा उजेड घड्याळाला बहुधा दिवसाशीच बांधून ठेवतो. पाळी बदलायचीच असेल, तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदललेली बहुतेकांना अधिक सोसते, कारण चोवीस तासांहून किंचित लांब असलेले घड्याळ मागे ढकलणे पुढे ओढण्यापेक्षा सोपे असते. पाळ्यांचा तक्ता लावताना हा क्रम पाळणे व्यवस्थापनाच्या हाती आहे.