नेटचा पाइप मोठा केला, तरी काम मागेच का?



एरवी मी आपल्याशी डाउनी, करपा नाहीतर ठिबकच्या नळ्यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे, परंतु तो आता आपल्याच ओसरीवर येऊन बसला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईस नोकरीला असलेली मुले, मुली, सुना लॅपटॉप घेऊन गावी आली. पुष्कळजण पुढे परत गेले. काही मात्र राहिले, आणि आजही घरून कार्यालयाचे काम करतात. अशा घरांतून मला एकच गाऱ्हाणे ऐकू येते: "साहेब, नेट चांगले आहे, सिनेमा झकास दिसतो, पण हापिसचे काम तेवढे हलत नाही."

माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी हेच घडले. निफाड तालुक्यात मळ्यात वस्ती, अडीच एकर द्राक्षबाग, बाकी रानात कांदा आणि सोयाबीन. सून इंजिनियर आहे. पुण्याच्या एका कार्यालयासाठी ती यंत्रांची ड्रॉइंगे करते. मात्र त्या ड्रॉइंगांच्या फाइली पुण्यात नसून जर्मनीतील मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर असतात. दोन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना उठवणे-बसवणे, औषधे, व्यायाम हे सारे सूनबाई कामाच्या मधल्या वेळात पाहते. सोसायटीचा हप्ताही तिच्याच पगारातून जातो, कारण मागील दोन हंगाम बागेने हात दिला नाही. अशात कार्यालयाचा निरोप आला की, काम मागे पडत आहे, महिनाअखेर सुधारणा न झाल्यास पुण्यास हजर व्हावे.

काम मागे पडत होते ते खरेच. एक ड्रॉइंग उघडावयास बारा मिनिटे लागत. दिवसात अशी आठ-दहा ड्रॉइंगे म्हटली तर दोन तास नुसते पडद्याकडे पाहण्यात जात. पुतण्याने आपल्यापैकी कोणीही करील तेच केले: ५० एमबीपीएसचे कनेक्शन १०० चे केले, मग २०० चे केले. महिन्याचे बिल वाढले, बारा मिनिटांची बारा मिनिटेच राहिली. तो मला म्हणाला, "काका, नेटवाला फसवतोय." मलाही प्रथम तसेच वाटले. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, संगणकाचा नव्हे. पण पाइपलाइनचा हिशेब आयुष्यभर केला असल्याने कार्यालयातील संगणक विभागाच्या मुलाने फोनवर समजावून दिले ते ध्यानी आले.

एमबीपीएस म्हणजे पाइपाची जाडी. एका वेळी किती माल जाईल ते त्यावरून कळते. माल किती दूर जावयाचा आहे, हे त्यावरून मुळीच कळत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. आपल्याकडून जर्मनीस जाणारी वाट अरबी समुद्र, तांबडा समुद्र, सुएझ अशी तळाशी टाकलेल्या तारांमधून जाते. ती १० हजार किलोमीटर धरली, तरी जाऊन येण्यास सेकंदाचा दहावा भाग नुसत्या अंतरापायी जातो. वाटेतल्या यंत्रांचा विलंब धरून आमच्या घरून तो पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंद भरला. आपण म्हणाल, एवढ्याशा वेळाचे काय ते कौतुक?

काढणीचे उदाहरण घ्या. बागेपासून शेड अर्धा मैल लांब आहे. मजूर एक क्रेट घेऊन शेडवर जातो, विचारतो, "दुसरा आणू का?", होकार घेऊन परत येतो आणि दुसरा उचलतो. आता तुम्ही रस्ता दुप्पट रुंद केला. काय फरक पडेल? काही नाही. वेळ चकरांत जातो आहे, रुंदीत नव्हे. मोठ्या ड्रॉइंगचे असेच असते. ते एक फाइल नसते. नट, बोल्ट, पट्ट्या अशा तीनशे लहान फाइली मिळून एक यंत्र होते. प्रत्येक फाइलीसाठी "आहे का, मला परवानगी आहे का, किती मोठी आहे, पहिला भाग दे, पुढचा दे" अशा दहा चकरा धरा. तीन हजार चकरा झाल्या. प्रत्येकीस सेकंदाचा पाचवा भाग म्हटला तर ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटे. मग कनेक्शन २०० चे घ्या नाहीतर ५०० चे. सिनेमा मात्र चांगला दिसतो, कारण तो चकरा न मारता सलग धारेने येतो, आणि बहुधा जवळच्याच शहरात ठेवलेल्या साठ्यातून येतो.

दहा मिनिटांचा हिशेब लागला. वरच्या दोन मिनिटांचा चोर घरातच होता. तो आधी धरावयास हवा, कारण फुटक्या पाइपावर मोठी मोटर बसवून उपयोग नाही.

ह्यासाठी 'पिंग' नावाची तपासणी आहे. लॅपटॉपवरून एक लहानसा संदेश पाठवावयाचा आणि तो किती मिलिसेकंदांत परत येतो ते पाहावयाचे. कोणता पत्ता टाकावयाचा ते कार्यालयाचा संगणक विभाग सांगतो. प्रथम घरच्या राउटरला शंभर संदेश पाठवा, मग कार्यालयाला शंभर. आमच्या घरी राउटर पुढच्या खोलीत, सूनबाई माडीवर, मध्ये दीड हात जाडीची जुनी भिंत. घरातल्या घरात शंभरातले सहा संदेश हरवत होते! वीस मीटर लॅन केबल आणून राउटरपासून लॅपटॉपला थेट जोडली, तेव्हा एकही हरवेना. एवढ्याने बाराची दहा मिनिटे झाली. खर्च म्हणाल तर चांगल्या फवारणीच्या एका टाकीपेक्षाही कमी.

सहा संदेशांनी एवढे काय बिघडते, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ ह्यांमधले नेट कोसळले. अंतर अवघे ४०० यार्ड. पण सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. सर्वांनी एकदम मोटारी चालू केल्यावर ट्रान्सफॉर्मरचे जे होते, तेच ते झाले. व्हॅन जेकबसन ह्या शास्त्रज्ञाने त्यावर उपाय काढून १९८८ मध्ये प्रसिद्ध केला: पुडके हरवले की पुढे गर्दी आहे असे समजावे आणि पाठवणाऱ्याने आपला वेग एकदम कमी करावा. जगभराचे नेट त्या शिस्तीवर उभे राहिले. पण आपल्या भिंतीमुळे, पावसामुळे, मोबाइल टॉवरच्या आड येणाऱ्या झाडामुळे पुडके हरवले, तरी पाठवणारा संगणक गर्दीच समजतो आणि विनाकारण हात आखडता घेतो. अलीकडे, २०१६ मध्ये, गूगलच्या मंडळींनी हरवण्यापेक्षा प्रत्यक्ष वाहत्या वेगाकडे आणि विलंबाकडे पाहणारी 'बीबीआर' नावाची निराळी पद्धत आणली. तरी जुन्या शिस्तीचा वापर पुष्कळ ठिकाणी आहेच. म्हणून घरातली गळती आधी काढावी.

आता उरलेली दहा मिनिटे. त्यासाठी जे सॉफ्टवेअर असते त्याला 'वॅन ॲक्सिलरेशन' म्हणतात. ह्यात पहिली गोष्ट पक्की समजून घ्यावी की ते जोडीने चालते. एक भाग आपल्या लॅपटॉपवर, दुसरा कार्यालयात सर्व्हरच्या शेजारी. एका टोकाला बसवून काही होत नाही. नेटवर "स्पीड दुप्पट करा" म्हणून जी फुकट ॲपे दिसतात त्यांचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, आणि कार्यालयाची कागदपत्रे त्या अनोळखी माणसाच्या अंगणातून जातात. असले काही कार्यालयाच्या लॅपटॉपवर घालू नये. नोकरी वाचवण्यासाठी केलेला खटाटोप नोकरी घालवील.

काम ते असे करते. तीन हजार प्रश्न आपल्या घरून जर्मनीस जाण्याऐवजी सर्व्हरशेजारचा भाग ते तिथल्या तिथे विचारतो आणि उत्तरांचे एकच गाठोडे पाठवतो. मजुराच्या चकरा गेल्या, ट्रॉली आली. दुसरे म्हणजे मालाचे बारीक तुकडे करून प्रत्येकास खुणेचा आकडा देतात, आणि ते तुकडे दोन्ही टोकांस साठवतात. पुन्हा तोच तुकडा लागला तर तुकडा येत नाही, नुसता आकडा येतो. दूध संकेंद्रावर तुमचे नाव, गाव, गट नंबर रोज कोणी लिहीत नाही, सभासद क्रमांक सांगितला की झाले, तसेच हे. सूनबाईने ड्रॉइंगातला एक बोल्ट बदलला तर बाकीचे यंत्र पुन्हा समुद्र ओलांडत नाही. ह्याच युक्तीवर रिव्हरबेड नावाची अमेरिकन कंपनी २००२ मध्ये निघाली आणि पुढे ह्या धंद्यात नावारूपास आली. आता इतरही आहेत. कोणाचे घ्यावयाचे तो कार्यालयाचा प्रश्न, आपला नव्हे. आपले काम मागणी करण्याचे, आणि आकडे हाती ठेवून करण्याचे.

सूनबाईने तेच केले. आठ दिवस वहीत लिहिले: सकाळी, दुपारी, रात्री पिंग किती, हरवले किती, कोणते ड्रॉइंग किती मिनिटांत उघडले. नुसते "नेट स्लो आहे" म्हटले असते तर उत्तर आले असते, "नेट बदला." वहीची पाने पाठवल्यावर पुण्याच्या संगणक विभागाने जर्मनीशी बोलणे केले. तिथल्या शाखांसाठी ते यंत्र आधीच बसवलेले होते. घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर त्याचा दुसरा भाग घालावयाचे तेवढे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पुण्यास काय सुचेना आणि जर्मनीस काय दिसेना, ते एका वहीने सुचवले.

बसवताना ज्या अडचणी आल्या त्या सांगतो, कारण त्या आपल्याकडेही येतील. हे सॉफ्टवेअर साठ्यासाठी लॅपटॉपवर जागा मागते, काही जीबी सहज लागते. लग्नाचे व्हिडिओ भरून ठेवलेल्या लॅपटॉपवर ती मिळत नाही. दुसरे, घरून काम करणारा माणूस बहुतेक व्हीपीएनमधून जातो, म्हणजे माल कुलूपबंद पेटीतून जातो. बंद पेटीतले तुकडे कोणालाही मोजता येत नाहीत. तेव्हा आपल्याकडील भागाने पेटी बंद होण्यापूर्वी काम केले पाहिजे, आणि तिकडील यंत्र पेटी उघडल्यानंतरच्या जागी असले पाहिजे. ही मांडणी संगणक विभागाची. आपण विचारून मात्र घ्यावे. अँटिव्हायरसही त्या साठ्यातला तुकडा न् तुकडा तपासत बसतो आणि मिळवलेला वेळ खाऊन टाकतो, त्याला ती जागा सोडावयास त्यांच्याकडूनच सांगवून घ्यावे.

आमच्याकडे सर्व बसवूनही पहिले दोन दिवस फरक शून्य. सूनबाई रडकुंडीस आली. सॉफ्टवेअरच्या खिडकीत पाहिले तर फाइलींच्या कनेक्शनपुढे "जसेच्या तसे पुढे" अशा अर्थाची नोंद. कारण असे निघाले की, सर्व्हर प्रत्येक पुडक्यावर खरेपणाची सही मागतो, आणि मधल्या यंत्रास ती सही ओळखण्याचा नि करण्याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता. तो जर्मनीहून दिला गेला. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग पहिल्यांदा उघडले ते आठ मिनिटांत, कारण साठा रिकामा होता. तेच दुपारी पुन्हा उघडले ते दीड मिनिटात. तेव्हा बसवल्या दिवशीच निकाल देऊ नये. चार दिवस काम करून मग वही पाहावी.

ह्याने सगळे सुधारते असे नव्हे. व्हिडिओवरची बैठक पूर्वी अडत असेल तर पुढेही अडेल, कारण ती दर क्षणी नवीनच असते, साठ्यातून काय देणार? आधीच दाबून लहान केलेल्या फाइली, फोटो, सिनेमा ह्यांतही काही निघत नाही. ज्यांचे काम ब्राउझरमध्येच चालते त्यांना बहुधा ह्याची गरज नाही, त्यांनी केबलवर समाधान मानावे. काही कार्यालये तर फाइल पाठवतच नाहीत. संगणक तिकडेच चालतो आणि आपल्याकडे नुसते त्याचे चित्र येते. मोठ्या फाइलींना तोही मार्ग चांगला, मात्र विलंब फार असल्यास माउस हलवल्यावर बाण उशिरा हलतो आणि माणूस वैतागतो.

आणखी एक. त्या साठ्यात कार्यालयाच्या मालाचे तुकडे असतात. तो लॅपटॉप नातवंडांच्या हाती खेळावयास देऊ नये.

महिनाअखेर गेली, सूनबाई घरीच आहे. दादा आता काठीच्या आधाराने ओट्यापर्यंत येतात. राहिला प्रश्न विजेचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते; मळ्यात लाइट गेली की तो बंद, व्हीपीएन तुटले आणि ड्रॉइंग अर्धवट. त्यासाठी राउटरपुरती लहान बॅटरी बाजारात मिळते, ती घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट पाहून घ्यावी. आमच्या राउटरला १२ व्होल्टची लागली. नेटची तार बांधाखालून गेली असल्यास जेसीबीवाल्यास चर खणण्यापूर्वी तिची जागा दाखवून ठेवावी. आमच्याकडे ती गेल्या उन्हाळ्यात दोनदा तुटली, आणि दोन्ही वेळा चर आमचाच होता.